दर्यावर्द्याची वही आणि पंडिताची लेखणी

प्रवासवर्णनाचें परीक्षण करतांना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतों: लेखक कोठें गेला आणि त्यानें तेथें काय पाहिलें? वाङ्मयाच्या दृष्टीनें याहून अवघड असा दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं. जो गेला आणि ज्यानें पाहिलें, त्यानेंच हें लिहिलें आहे काय? अठराव्या शतकांतील समुद्रपर्यटनांच्या ग्रंथांना हा प्रश्न लावून पाहिला म्हणजे त्या काळच्या एका अतिशय गाजलेल्या पुस्तकाचा पाया डळमळूं लागतो, आणि जिला आपण नुसती ‘साधी भाषा’ म्हणून बाजूस सारतों तिची खरी किंमत कळूं लागते.

हें पुस्तक म्हणजे जॉन हॉक्सवर्थ याचे १७७३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालेले तीन खंड. बायरन, वॉलिस, कार्टरेट आणि कूक या चार कप्तानांनीं दक्षिण समुद्रांत केलेल्या सफरींची हकीकत त्यांत आहे. मीं तें प्रथम वाचलें तें विद्यार्थिदशेंत. त्यांत जागोजाग बोलणारा ‘मी’ हा प्रत्यक्ष कूकच, असें मी धरून चाललों, आणि पुढें प्राध्यापक झाल्यावर वर्गांतहि कित्येक वर्षें तसेंच सांगत आलों. कूकच्या मूळ वहीचा पाठ जेव्हां सावकाश वाचला, तेव्हां आपण विद्यार्थ्यांपुढें कूकच्या नांवावर भलत्याचींच वाक्यें ठेवीत होतों हें ध्यानांत येऊन मी मनांतून खजील झालों. प्रस्तुत लेख हा एका अर्थीं त्या चुकीची दुरुस्ती आहे.

आधीं सफरीचा वृत्तांत थोडक्यांत सांगितला पाहिजे. जेम्स कूक हा यॉर्कशायरमधील एका शेतमजुराचा मुलगा; जन्म १७२८ चा. कोळसा वाहणाऱ्या गलबतांवर त्यानें नौकानयनाचे पहिले धडे घेतले. मग आरमारांत शिरून न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचे उत्कृष्ट नकाशे काढले. १७६८ च्या ऑगस्टमध्यें ‘एन्डेव्हर’ या जहाजावर त्याची नेमणूक होऊन तो प्लिमथहून निघाला. जहाजहि मूळचें कोळशाचेंच. ताहिती बेटावरून ३ जून १७६९ रोजीं शुक्राचें अधिक्रमण पाहावयाचें हें त्याचें उघड काम. दक्षिणेकडे मोठा खंड असल्याची जी समजूत होती तिचा शोध घ्यावयाचा, हें गुप्त हुकुमांतील दुसरें काम. तो खंड सांपडला नाहीं. पण न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांना वळसा पडला, आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा नकाशावर आला. ११ जून १७७० च्या रात्रीं प्रवाळाच्या खडकावर जहाज अडकलें. तोफा समुद्रांत टाकून तें सोडवावें लागलें. बटाव्हियांत तापानें व अतिसारानें पुष्कळ माणसें दगावलीं. १७७१ च्या जुलैमध्यें जहाज परत इंग्लंडास लागलें.

परत आल्यावर सर्वांच्या वह्या आरमारखात्यानें ताब्यांत घेतल्या. कूकची वही ही नाविकाची वही होती. वारा कोणत्या दिशेचा, पाण्याची खोली किती, सूर्यावरून काढलेला अक्षांश कोणता, हें आधीं. जें घडलें तें मागाहून. वाक्यें लांबच लांब, विरामचिन्हें क्वचित्, शुद्धलेखन लहरीप्रमाणें. असें लिखाण सुशिक्षित वाचकांपुढें जसेंच्या तसें ठेवण्याची त्या काळीं कोणाची छाती नव्हती. तेव्हां खात्याचे मुख्य लॉर्ड सँडविच यांनीं संगीतज्ञ डॉ. बर्नी यांच्या शिफारशीवरून हॉक्सवर्थला हें काम सांगितलें. हॉक्सवर्थ हा डॉ. जॉन्सनच्या वळणाचा निबंधकार. ‘ॲडव्हेंचरर’ या नियतकालिकाचा चालक. प्रकाशकांनीं त्याला सहा हजार पौंड दिले. त्या काळच्या मानानें ही रक्कम डोळे दिपविणारी होती.

हॉक्सवर्थवर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट आधींच कबूल करतों. खडबडीत मजकूर घासूनपुसून देणें हा कांहीं अपराध नव्हे. संपादकाचें तें कर्तव्यच आहे. शिवाय आपण काय केलें हें त्यानें प्रस्तावनेंत लपवून ठेवलेलें नाहीं. हकीकत प्रथम पुरुषीं सांगितली असतां वाचक प्रसंगाच्या अधिक जवळ येतो, म्हणून ‘मी’ हें रूप आपण योजिलें असें तो म्हणतो, आणि त्यांत तथ्यहि आहे. पण या ‘मी’ची घडण कशी आहे ती पाहा. चार वेगवेगळ्या स्वभावांच्या कप्तानांना एकच आवाज दिला आहे. कूकच्या तोंडीं तर जोसेफ बँक्सच्या रोजनिशींतील उतारेच्या उतारे घातले आहेत. बँक्स हा सफरीवर स्वखर्चानें आलेला, पंचविशींतला, गर्भश्रीमंत वनस्पतिशास्त्रज्ञ. ईटन व ऑक्सफर्ड येथें शिकलेला. कूक चाळीस वर्षांचा, शाळा जेमतेम पाहिलेला, जहाजावरील प्रत्येक जिवाची जबाबदारी शिरावर असलेला. या दोघांची नजर एका वस्तूवर पडली तरी तिच्यांत दोघांना दोन गोष्टी दिसावयाच्या. त्यांचें मिश्रण करून त्यावर हॉक्सवर्थनें लंडनमधील आपल्या मेजावरचें चिंतन ओतलें. परिणामीं या पुस्तकांत जो पुरुष बोलतो तो कोणत्याच जहाजावर कधीं चढलेला नव्हता.

यानें बिघडतें काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तरादाखल एकच प्रसंग घेऊं. पण तो नीट पाहूं.

१७६९ च्या ऑक्टोबरांत न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, तुरंगनुई नदीच्या मुखाशीं एन्डेव्हरनें नांगर टाकला. पहिल्याच दिवशीं होडी राखणाऱ्या पोरांवर कांहीं माओरी चालून आले, गोळी सुटली आणि ‘ते मारो’ नांवाचा पुरुष ठार झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आणखी एक माणूस पडला. त्याच दिवशीं दुपारीं समुद्रावरून किनाऱ्याकडे येणारी एक होडी कूकला दिसली. तिच्यांतील लोकांना धरून जहाजावर न्यावें, त्यांना गोडीनें वागवावें, भेटी देऊन परत पाठवावें, म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांचा विश्वास बसेल, असा त्याचा बेत. होडी थांबावी म्हणून त्यानें डोक्यांवरून बंदूक झाडविली. होडीवाले थांबले नाहींत, शरणहि आले नाहींत; वल्हीं, दगड, हातीं लागेल तें घेऊन ते उलट तुटून पडले. मग बंदुका माणसांवर चालल्या. कांहीं जण मेले. पाण्यांत उड्या टाकलेल्या तिघां मुलांना जहाजावर उचलून घेण्यांत आलें. बँक्सनें त्या रात्रीं आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलें कीं आयुष्यांतला इतका कटु दिवस आपण अजून पाहिला नव्हता.

आतां कूकची नोंद पाहा. तीत चार पायऱ्या आहेत. प्रथम तो सांगतो कीं दयाशील माणसें मला दोष देतील. पण लगेच एक पुस्ती जोडतो, कीं हीं माणसें अशा प्रसंगांत सांपडलेलीं नसतात. दुसऱ्या पायरीवर ही ढाल तो स्वतःच खालीं ठेवतो, आणि होडी पकडण्याचा जो हेतु होता तो या कृत्याला पुरेसा नव्हता अशी कबुली देतो. तिसरीवर, असा प्रतिकार होईल अशी शंका आली असती तर आपण त्या होडीच्या वाटेलाच गेलों नसतों, असें म्हणतो. चौथ्या पायरीवर तो पुन्हां कप्तान होतो: झटापट सुरू झाल्यावर स्वतःला व आपल्या माणसांना मारून घेत उभें राहणें शक्य नव्हतें. येथें नोंद संपते. समर्थन आहे आणि कबुलीहि आहे; दोन्ही एकाच वाक्यांत एकमेकांना रेटीत उभीं आहेत, आणि त्यांचा निकाल लागलेला नाहीं. ज्याच्या हातून खरोखर रक्त सांडलें आहे आणि ज्याला उद्यां पुन्हां त्याच किनाऱ्यावर उतरावयाचें आहे, अशा माणसाचें मन असेंच चालतें. या नोंदींत एकहि सुंदर शब्द नाहीं. पण तिच्यांतला एकहि शब्द मला बदलतां आला नाहीं.

हॉक्सवर्थनें याच नोंदीचें काय केलें? त्यानें आरंभीं दोष अधिक उंच स्वरांत पत्करला. आमच्या वचनावर विश्वास ठेवला नाहीं एवढ्याचसाठीं कांहीं हे लोक मरणास पात्र झाले नव्हते, असें त्यानें लिहिलें. हें वाक्य कूकचें नाहीं, आणि हॉक्सवर्थच्या हृदयाला तें भूषणास्पद आहे हें मी मोकळेपणानें मानतों. पण तेथून तो चढत जातो. आमच्या कामगिरीचें स्वरूपच असें होतें कीं देशाची माहिती मिळविणें भाग होतें, असें तो म्हणतो. आणि शेवटीं, एकदां गोळी झाडण्याचा हुकूम सुटला म्हणजे तिचा अतिरेक कोणाला आवरतां येत नाहीं, या सर्वसामान्य सिद्धांतावर येऊन विसावतो. ‘मीं केलें’ येथून आरंभ होऊन ‘असें होतच असतें’ येथें शेवट होतो. परिच्छेद डौलदार आहे. मोठ्यानें वाचला तर कानाला गोडहि लागतो. पण तो संपतो तेव्हां होडीतलीं माणसें नाहींशीं झालेलीं असतात आणि कोणाचाच अपराध शिल्लक उरत नाहीं. यांतील दया हॉक्सवर्थची आहे आणि कृत्य कूकचें आहे. एकाचें कृत्य दुसऱ्याच्या दयेनें धुवून काढण्याचा अधिकार लेखणीला कोणी दिला? शैलीचा प्रश्न येथें नीतीचा प्रश्न होतो, तो असा.

पुस्तकाचें पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. प्रती खपल्या, पण टीकेचा पाऊस पडला. ताहितीमधील वर्णनें अनेकांना असभ्य वाटलीं. जहाज खडकावरून वांचलें त्यांत ईश्वराचा खास हात मानण्याचें कारण नाहीं, असें प्रस्तावनेंत म्हटल्यामुळें धार्मिक लोक संतापले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हॉक्सवर्थ मरण पावला. कूक तेव्हां दुसऱ्या सफरीवर, बर्फाच्या प्रदेशाकडे गेलेला होता. परतीच्या वाटेवर १७७५ च्या मार्चमध्यें केप ऑफ गुड होप येथें हें पुस्तक त्याच्या हातीं पडलें. मजकूर कप्तानांच्या नजरेखालून गेला आहे असें त्यांत छापलेलें पाहून तो चकित व कष्टी झाला. कारण त्यानें तो कधींच पाहिला नव्हता. पुढें सेंट हेलेना बेटावर तर एक गंमतच झाली. या बेटावर चाकाची गाडी म्हणून नाहीं आणि गुलामांना फार निर्दयपणें वागवितात, अशा अर्थाचा मजकूर त्या पुस्तकांत कूकच्या नांवावर छापला होता. बेटावरच्या मंडळींनीं कूक ज्या घरीं उतरला होता त्याच्या समोर एकचाकी हातगाड्या मुद्दाम मांडून ठेवल्या! दुसऱ्यानें लिहिलेल्या वाक्यांचा जाब ज्याच्या नांवावर तीं छापलीं त्याला द्यावा लागतो, याचें याहून बोलकें उदाहरण वाङ्मयेतिहासांत क्वचितच सांपडेल.

कूकनें यावरून धडा घेतला. दुसऱ्या सफरीचा वृत्तांत आपण स्वतःच लिहावयाचा असा त्यानें निश्चय केला. डॉ. जॉन डग्लस या विद्वान् धर्मोपदेशकानें भाषा तपासली, पण आवाज कूकचा राहूं दिला. १७७७ सालीं तें पुस्तक निघालें, तेव्हां कूक तिसऱ्या सफरीवर होता, आणि तेथूनच तो परत यावयाचा नव्हता. १४ फेब्रुवारी १७७९ रोजीं हवाई बेटावरील केआलाकेकुआ येथें तो मारला गेला. पुस्तकाच्या आरंभीं आपण लहानपणापासून समुद्रावर वाढलों, विद्येचे संस्कार आपल्याला झाले नाहींत, तेव्हां वाचकांनीं साधेपणा पदरांत घ्यावा अशी त्यानें विनंती केली आहे. वास्तविक क्षमा मागण्याचें कांहींच कारण नव्हतें. १७ जानेवारी १७७३ रोजीं दक्षिण ध्रुववृत्त ओलांडणारें पहिलें जहाज त्याचें. ३० जानेवारी १७७४ रोजीं ७१ अंश १० कलांपर्यंत जाऊन त्यापुढें बर्फाची भिंत लागली, म्हणून तो वळला. हा प्रसंग तो ज्या संयमानें सांगतो त्यांत, जेवढें पाहिलें तेवढेंच सांगावें या व्रताचें सौंदर्य आहे.

तथापि येथें थांबलों तर माझेंहि परीक्षण एकांगी ठरेल. साधी भाषा म्हणजे सत्यच, असा नवा भ्रम आपण पोसतां कामा नये. २२ ऑगस्ट १७७० रोजीं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोंकाजवळील एका लहानशा बेटावर कूकनें निशाण उभारलें, बंदुकांच्या तीन फैरी झाडविल्या, आणि सबंध पूर्व किनारा आपल्या राजाच्या नांवानें ताब्यांत घेतला. तेथील लोकांच्या संमतीनें जागा घ्यावी असें त्याच्या गुप्त हुकुमांत होतें. ती संमति कोणी दिली नव्हती. चारच महिन्यांपूर्वीं बॉटनी बे येथें दोघां पुरुषांनीं भाले रोखून त्याच्या होड्यांना विरोध केला होता, व त्यांच्यावर गोळ्या झाडून तो किनाऱ्यावर उतरला होता. हें त्यानें स्वतःच लिहिलें आहे. तरीहि ताबा घेतल्याची नोंद वारा व खोली यांच्या नोंदीसारखीच शांत आहे. तुरंगनुईच्या वेळीं ज्या साधेपणानें त्याची अस्वस्थता उघडी केली, तोच साधेपणा येथें जबाबदारीवर पांघरूण घालतो. जें मनाला बोंचलें तें साधी भाषा प्रामाणिकपणें सांगते. जें बोंचलेंच नाहीं तें तितक्याच प्रामाणिकपणें वगळते.

मग चिंतनाला प्रवासवर्णनांत स्थानच नाहीं काय? आहे; आणि तें कसें असावें हें गेओर्ग फॉर्स्टर या तरुणानें दाखवून दिलें. दुसऱ्या सफरीवर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या पित्याबरोबर तो निघाला तेव्हां सतरा वर्षांचा होता. पित्याचें आरमारखात्याशीं बिनसलें आणि त्याला सफरीची हकीकत लिहिण्याची बंदी झाली. मुलाला मात्र कोणत्याच कराराचें बंधन नव्हतें. त्यानें १७७७ च्या मार्चमध्यें, कूकच्या पुस्तकाच्या सुमारें सहा आठवडे आधीं, आपलें पुस्तक काढलें. त्यांतील टाना बेटाचा प्रसंग पाहा. ऑगस्ट १७७४. फॉर्स्टर मळ्यांतून एकटाच हिंडत आहे. हवा प्रसन्न, माणसें आतां ओळखीचीं झालेलीं. आपण येथून कांहीं वाईट न करतां जाणार या समाधानांत तो गढून गेला आहे. त्याच तंद्रींत तो किनाऱ्याकडे येतो तों पाहातो कीं पहाऱ्यावरच्या शिपायानें बेटावरील एका माणसाला गोळी घातली आहे आणि त्याचे सोबती त्याला धरून बसले आहेत. यानंतरचें त्याचें चिंतन कडवट आहे. पण तें त्याच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत मोडलेल्या समाधानांतून निघालें आहे. हॉक्सवर्थचें चिंतन प्रसंगाला शांत करतें, फॉर्स्टरचें चिंतन प्रसंगाला शांत होऊं देत नाहीं. जहाजावरील ज्योतिषी विल्यम वेल्स यानें १७७८ सालीं त्याच्याविरुद्ध एक पुस्तिका लिहिली, आणि फॉर्स्टरनें तिला उत्तरहि दिलें. फॉर्स्टर कित्येक ठिकाणीं अतिशयोक्ति करतो, हें मला मान्य आहे. पण ती अतिशयोक्ति त्याची स्वतःची आहे, आणि तिचा जाब तो स्वतःच देतो.

कूकची वही तिच्या मूळ रूपांत वाचकांना मिळण्यास सव्वाशे वर्षें लागलीं. वॉर्टन यानें १८९३ सालीं एका नकलेवरून पहिल्या सफरीची वही छापली. कूकच्या स्वतःच्या हातची प्रत १९२३ सालीं ऑस्ट्रेलियानें विकत घेतली. आणि न्यूझीलंडचे विद्वान् बीगलहोल यांनीं १९५५ पासून १९६७ पर्यंत तिन्ही सफरींच्या वह्या साक्षेपानें संपादून प्रसिद्ध केल्या. मराठी वाचकाला हा अनुभव अपरिचित नाहीं. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपल्या पूर्वपिढ्यांनीं वाचला तो चिंतामणराव वैद्य यांनीं संस्कार करून १९०७ सालीं छापलेला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनीं पुढें आणला तो १९६६ सालीं. दोन्ही ठिकाणीं संपादकाचा हेतु चांगला होता, आणि दोन्ही ठिकाणीं मूळ माणूस भेटण्यास वाचकाला वाट पाहावी लागली.

पण या सर्व वह्यांमध्यें एक माणूस असा आहे कीं ज्याची वहीच नाहीं. तुपाया हा रायाताया बेटावरचा धर्मगुरु आणि निष्णात नाविक. १७६९ च्या जुलैमध्यें तो एन्डेव्हरवर चढला. त्याला बरोबर घेण्याची कूकची फारशी इच्छा नव्हती. बँक्सनें आग्रह धरला, आणि शेजारचे श्रीमंत लोक सिंह-वाघ पाळतात तसा हा आपण कां ठेवूं नये, असें रोजनिशींत लिहून ठेवलें. याच ‘पाळीव’ माणसाची भाषा तुरंगनुईच्या किनाऱ्यावर माओरींना समजली. तो नसता तर त्या महिन्यांत आणखी किती रक्त सांडलें असतें तें सांगवत नाहीं. पुढें कूक पुन्हां न्यूझीलंडास गेला तेव्हां तेथील लोक तुपाया कोठें आहे म्हणून विचारूं लागले. तो १७७० च्या डिसेंबरांतच बटाव्हियांत वारला होता.

त्याच्यामागें उरला एक नकाशा. सुमारें चौऱ्याहत्तर बेटांचा हा नकाशा तुपायाच्या ज्ञानावरून तयार झाला. कूकच्या हातची त्याची नक्कल आज ब्रिटिश लायब्ररींत आहे. दोनशे वर्षें विद्वान् म्हणत आले कीं यांत बेटांच्या दिशा चुकल्या आहेत. अलीकडे, २०१९ सालीं, एक्स्टाइन व श्वार्ट्झ या दोन अभ्यासकांनीं असें प्रतिपादिलें कीं नकाशाच्या मध्यावर मध्यान्हाच्या सूर्याचा शब्द लिहिला आहे. प्रत्येक बेटावर स्वतः उभे राहून त्या सूर्याच्या आधारें पुढच्या बेटाची दिशा पाहिली, तर हा नकाशा जुळतो. मतभेदाला जागा आहे; पण पाठ चुकीचा आहे कीं वाचणारा चुकीच्या जागीं उभा आहे, हा टीकाशास्त्रांतला जुनाच प्रश्न येथें नव्यानें उभा राहतो. या सफरींतलीं कांहीं भाबडीं वाटणारीं चित्रें पुष्कळ वर्षें अज्ञात चित्रकाराचीं म्हणून ठेवलीं गेलीं होतीं. त्यांतील एकांत एक माओरी पुरुष शेवंड देऊन एका इंग्रजाकडून कापडाचा तुकडा घेत आहे. दोघेहि आपापली वस्तु घट्ट धरून आहेत, कोणीच आधीं सोडीत नाहीं. हीं चित्रें तुपायानेंच काढलीं, हें बँक्सच्या १८१२ सालच्या एका पत्रावरून १९९७ सालीं उघडकीस आलें. तीन जाडजूड खंडांत हॉक्सवर्थला जें साधलें नाहीं, तें या चित्रानें एका कागदावर साधलें आहे.

तेव्हां या सफरींचे ग्रंथ वाचूं इच्छिणाऱ्यांना माझें सांगणें एवढेंच: हॉक्सवर्थ अवश्य वाचावा, परंतु कूकची वही शेजारीं उघडी ठेवावी, कूक वाचतांना फॉर्स्टर जवळ असावा, आणि तिघेहि वाचून झाल्यावर तुपायाचें तें चित्र एकवार नीट पाहावें. वर्गांत मी हल्लीं याच क्रमानें शिकवितों. मुलें पहिल्या तासाला हॉक्सवर्थचा उतारा ऐकून खूष होतात. दुसऱ्या तासाला कूकची नोंद वाचली कीं वर्ग गप्प होतो, आणि खरी चर्चा सुरू होते ती त्यानंतर.